फुकुओकाची रंगीत तालीम

सुट्टीला माणसानं मजा करायला जावं, परीक्षा द्यायला जाऊ नये, हे डॉ. चंद्रशेखर खांबेटेंना कोणी सांगितलं नाही असं नाही. लंडनच्या पिनर उपनगरातल्या झाडून सगळ्या मराठी माणसांनी सांगितलं, आणि पिनरमधली मराठी माणसं सल्ला द्यायच्या बाबतीत हात आखडता घेत नाहीत. पण चंद्रशेखर पडला भूलतज्ज्ञ. समोरच्यानं दहापर्यंत आकडे मोजत गप्प व्हावं अशी सवय त्याला धंद्यानंच लावलेली, त्यामुळे जागा माणूस काही सांगतोय म्हटलं की त्याचं लक्षच लागत नसे.

झालं काय, की २००८ च्या गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शशीनं ईस्टरच्या सहलीची घोषणा केली. शशी म्हणजे मंडळाचा सेक्रेटरी. तो दर ईस्टरला अकरा कुटुंबं एका कोचमध्ये भरून युरोपात सोडून आणतो, बरोबर स्वतःचा स्वयंपाकी नेतो, आणि आल्प्सच्या पायथ्याशी सगळ्यांना गरम पिठलं-भात मिळाला याचं वर्णन पुढच्या ईस्टरपर्यंत पुरवतो. चंद्रशेखरला या सहलीचा मनस्वी तिटकारा होता. तो उकडीचा मोदक हातात धरून सगळ्यांदेखत म्हणाला, "आम्ही मेंढरांसारखं फिरत नाही."

"बरं. मग तुझं कुठे ठरलंय?" शशीनं विचारलं.

कुठेच ठरलं नव्हतं. पण आठवड्यापूर्वी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये चंद्रशेखरनं एका गुळगुळीत मासिकात जगातल्या राहण्याजोग्या शहरांची यादी वाचली होती. त्यातलं जे नाव शशीला ठाऊक असण्याची शक्यता सगळ्यात कमी, ते त्यानं उच्चारलं. "फुकुओका."

"कुठे?" शशीची बायको वीणा म्हणाली.

"जपानमध्ये. राहण्यासाठी जगातल्या उत्तम शहरांपैकी एक आहे."

"अरे, पण तू राहायला चाललायस की फिरायला?" शशी म्हणाला. सगळे हसले. हसणाऱ्यांत चंद्रशेखरची बायको शिल्पाही होती, आणि ते त्याला जास्त लागलं. शशीनं लगेच माइकवरून जाहीर केलं की डॉक्टर खांबेटे दोन लहान मुलं घेऊन, कोच नाही, स्वयंपाकी नाही, असे ईस्टरला जपानला जात आहेत, आणि आल्यावर या हॉलमध्ये स्लाइड शो करतील. न गेल्यास पुढल्या ईस्टरला कोचमधली शेवटची, टॉयलेटशेजारची सीट त्यांच्या नावानं राखून ठेवण्यात येईल. टाळ्या पडल्या. आता मागे फिरणं म्हणजे पिनर सोडून ग्लासगोला बदली मागण्यासारखं होतं.

मुलं म्हणजे सात वर्षांचा नील आणि चार वर्षांची अनुया. घरातलं पाचवं माणूस म्हणजे चंद्रशेखरचे वडील, विष्णुपंत खांबेटे ऊर्फ अण्णा. मिरजेला पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले, आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी कायमचे मुलाकडे आलेले. अण्णा हा चंद्रशेखरच्या दृष्टीनं इंग्लंडमध्ये न बसणारा माणूस होता. त्यांच्यासाठी त्यानं डॉक्टरांच्या कॅटलॉगमधून पाठीला आधार देणारा पलंग आणला, तर अण्णा त्या पलंगाच्या शेजारी, कार्पेटवर गोधडी घालून झोपत. पॉवर शॉवर लावून दिला, तर अण्णा प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल टबात ठेवून त्यावर बसत आणि बादलीतून मगानं पाणी घेत. जेवायला खुर्चीवर बसत, पण मांडी घालून. "अण्णा, हे मिरज नाही," हे वाक्य त्या घरात दिवसातून चारदा ऐकू येई. मुलांचे शाळेतले मित्र यायचे असले की पाचव्यांदा, जरा वरच्या पट्टीत. अण्णा लगेच पाय खाली सोडून बसत.

तर चंद्रशेखरनं विमानाची तिकिटं काढली, परत न मिळणाऱ्या पैशांची, कारण माघारीचा रस्ता स्वतःच बंद करणं याला तो निर्धार म्हणे. हॉटेल नको, ते काय कुठेही मिळतं, म्हणून जपानी पद्धतीची एक छोटी खानावळवजा सराई शोधली. हिराकावा नावाच्या बाई ती चालवत. चटया, कागदी सरकती दारं, सगळ्यांना मिळून एक मोठं न्हाणीघर. चंद्रशेखरनं ईमेल पाठवली. चौथ्या दिवशी उत्तर आलं. एवढं नम्र उत्तर त्याला उभ्या आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये तर नाहीच. आपलं कुटुंब येणार याचा आनंद गगनात मावत नसल्याचं कळवून बाईंनी खाली अत्यंत संकोचानं पाच प्रश्न विचारले होते. मुलांना जमिनीवर झोपायची सवय आहे का? खाली बसून जेवता येतं का? घरात बूट न घालता चालतील का? रात्री नऊनंतर आवाज न करता राहतील का? आणि टबात उतरण्याआधी बाहेर स्टुलावर बसून, बादलीनं, अंग स्वच्छ धुता येतं का? इतर पाहुण्यांची गैरसोय होऊ नये एवढ्यासाठीच विचारण्याचं धाडस केलं आहे, राग नसावा.

चंद्रशेखरनं पाचही प्रश्नांपुढे 'होय' लिहून पाठवलं. मग त्यानं मान वर करून आपल्या मुलांकडे पाहिलं. अनुया सोफ्यावर बूट घालून उड्या मारत होती आणि नील चिकन नगेटनं भिंतीवर काहीतरी लिहीत होता. त्याला घाम फुटला.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गेल्यावर बघू. पण पेशंटला भूल देण्याआधी त्याची तपासणी करून, कागदावर टिकमार्क केल्याशिवाय ज्याला सुई हातात धरवत नाही, तो माणूस पोटच्या मुलांना तपासल्याशिवाय जपानला कसा नेणार? त्यानं चेकलिस्ट छापली आणि फ्रिजवर लावली. जानेवारीपासून दर शनिवार-रविवारी घरात फुकुओकाची रंगीत तालीम होणार होती. शिल्पा फार्मसिस्ट, आठवडाभर दुसऱ्यांच्या औषधांच्या गोळ्या मोजून दमलेली. तिनं चेकलिस्ट वाचली आणि म्हणाली, "यात माझ्या नावापुढे 'देखरेख' लिहिलंयस. म्हणजे मी झोपून राहू शकते ना?"

पहिली तालीम झोपण्याची. चंद्रशेखरनं मुलांच्या खोलीतल्या गाद्या हलवून जमिनीवर दोन दुलया पसरल्या आणि आदर्श घालून द्यावा म्हणून स्वतः मधोमध झोपला. सकाळी तो उठला तेव्हा शेजारी कोणी नव्हतं आणि त्याला कमरेत सरळ होता येत नव्हतं. मुलं अण्णांच्या गोधडीवर, त्यांच्या दोन बाजूंना, अंगाची मुटकुळी करून गाढ झोपलेली सापडली. "डॅडीच्या फ्लोअरवर मॉन्स्टर आहे," अनुयानं कारण दिलं, "आजोबाच्या फ्लोअरवर नाही." सोमवारी चंद्रशेखर ऑपरेशन थिएटरमध्ये काटकोनात वाकून शिरला. सर्जननं विचारलं, जिन्यात पाय चुकला का? "आय अ‍ॅम प्रिपेअरिंग फॉर जपान," चंद्रशेखर म्हणाला. सर्जननं नर्सकडे पाहिलं. त्यानंतर दिवसभर त्याच्याशी सगळे जरा सांभाळूनच बोलत होते.

दुसरी तालीम जेवणाची. लाउंजमधल्या कॉफी टेबलाभोवती उशा टाकून, चॉपस्टिक्सनं वरणभात. वरणभात चॉपस्टिक्सनं खायचा नसतो हे जपानमधल्या शेंबड्या पोरालाही कळत असेल, पण चेकलिस्टवर 'तांदूळ' एवढंच होतं. दहा मिनिटांत चंद्रशेखरचे दोन्ही पाय बधिर झाले. स्वतःच्याच शरीरावर त्यानं इतकी यशस्वी भूल कधी दिली नव्हती. उठताना तो टेबलासकट कलंडला. अण्णा मांडी घालून, पाठ ताठ, शांतपणे हातानं जेवत होते, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना नील आणि अनुया तशीच मांडी घालून, तसंच हातानं. घरात पहिल्यांदाच न सांगता ताटं रिकामी झाली. चंद्रशेखरनं चेकलिस्टवर लिहिलं, 'बैठक ठीक. साधन चुकीचं.'

इकडे हिराकावाबाईंचा पत्रव्यवहार चालूच होता. चंद्रशेखरच्या प्रत्येक उत्तरावर त्या आधी डोळ्यांत पाणी आल्यासारखे आभार मानत आणि मग आणखी दोन प्रश्न विचारत. शशी मंडळात भेटला की मुद्दाम सगळ्यांपुढे विचारी, "काय चंदू, व्हिसा मिळाला का मुलांना जमिनीवर बसायचा?" पिनर काही एवढं मोठं नाही. सल्ले येऊ लागले. कोणी म्हणालं वसाबी म्हणजे पुदिन्याची चटणी समजू नकोस, नाकातून धूर निघेल. कोणी म्हणालं तिथे भूकंप होतात, टेबलाखाली शिरायची प्रॅक्टिस घे. वीणानं फोन करून सांगितलं की तिच्या लेस्टरच्या मामेबहिणीच्या ऑफिसात एक जपानी बाई होती, पण ती मागच्याच महिन्यात सोडून गेली. या माहितीचं काय करायचं ते तिनं सांगितलं नाही.

मग आली आंघोळ. मार्चमधल्या त्या रविवारी खाली डायनिंग रूममध्ये पाडव्याच्या कार्यक्रमाची कमिटी मीटिंग होती. शिल्पानं ती महिन्यापूर्वी कबूल केलेली, आणि चंद्रशेखरच्या चेकलिस्टवर त्याच दुपारी 'स्नान, अंतिम' होतं. दोघांपैकी कोणी तारीख बदलेना. मीटिंगला शशी, वीणा आणि मंजिरी नावाची खजिनदार. मध्ये श्रीखंडाचं पातेलं, कारण कमिटीला पाडव्याचं श्रीखंड आधी चाखून मंजूर करायचं होतं.

अण्णा वर आले. म्हणाले, "मी घालतो रे मुलांना आंघोळ. स्टूल टबात ठेवलं की झालं. रोजचंच आहे."

"टबात नाही, अण्णा. तीच तर चूक आहे. टबात फक्त स्वच्छ झाल्यावर उतरायचं. धुवायचं बाहेर."

अण्णांनी बाथरूमची फरशी पाहिली. फरशी कसली, लाकडी फळ्यांवर चिकटवलेलं गुळगुळीत लिनोलियम. "बाहेर ओतलेलं पाणी जाणार कुठे? इथे मोरी नाही."

"जपानमध्ये लोक शतकानुशतकं अशीच आंघोळ करतायत."

"त्यांच्याकडे मोरी असेल."

"अण्णा, तुम्ही प्लीज प्रत्येक गोष्टीत पडू नका हो. खाली जाऊन बसा." हे तो जरा जोरातच बोलला. दारात नील आणि अनुया टॉवेल गुंडाळून उभी होती. नीलनं आजोबांकडे पाहिलं. अण्णा खाली गेले आणि कमिटीच्या मागे खुर्चीवर बसले.

आता ज्या माणसाचं बालपण मिरजेच्या मोरीत गेलं, त्याला पाणी उताराकडे जातं एवढं तरी कळायला हवं होतं. पण बारा वर्षं इंग्रजी हॉस्पिटलात काढली की माणसाला वाटू लागतं, पाणीसुद्धा आपला प्रोटोकॉल वाचूनच वाहील. चंद्रशेखरनं ऑनलाइन मागवलेला गुडघ्याइतका सुती किमोनो काढून ठेवला, चड्डीवर स्टुलावर बसला, आणि मुलांना नीट दिसावं म्हणून सावकाश, मुद्द्यांसह, एकेक बादली अंगावर घेतली. पहिली बादली शरीर ओलं करण्यासाठी. दुसरी आणि तिसरी साबणासाठी. चौथी साबण काढण्यासाठी. पाचवी, मनातला मळ. हे त्यानं कुठेतरी वाचलं होतं.

खाली पहिला थेंब वीणाच्या अजेंड्यावर पडला. तिनं तो पुसला. दुसरा मंजिरीच्या चष्म्यावर. मग सगळ्यांनी वर पाहिलं. छताला दिव्याच्या बाजूला एक फुगा आला होता आणि तो मोठा होत होता. "उठा," अण्णा म्हणाले. त्या घरात दोन वर्षांत त्यांनी दिलेला हा पहिला हुकूम. सगळे उठले, शशीसुद्धा. वर चंद्रशेखर मुलांना म्हणत होता, "अँड नाऊ, द फायनल रिन्स," आणि त्यानं सहावी बादली ओतली. दाराएवढा छताचा तुकडा, सत्तर सालातलं खरबरीत प्लास्टर, त्यावरचं भिजलेलं फेल्ट आणि कोणाची तरी जुनी पिंगपाँगची बॅट, सगळं एकदम श्रीखंडात आलं.

चंद्रशेखर किमोनो लपेटत जिना उतरला. किमोनो ओल्या मांड्यांना चिकटला होता. "काय झालं?" त्यानं विचारलं.

शशीच्या खांद्यावर प्लास्टर होतं. त्यानं ते झटकलं नाही, पुरावा म्हणून ठेवलं. "चंदू, वर नक्की काय चाललंय?"

"आंघोळ."

"टब फुटला?"

"नाही. टब कोरडा आहे," चंद्रशेखर म्हणाला, आणि ते किती वाईट ऐकू येतंय हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. शिल्पा खुर्चीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. नंतर म्हणाली, ते हसणं नव्हतं.

तीन दिवसांनी इन्शुरन्सकडून मिस्टर हेन्शॉ आले. त्यांनी छताला पडलेलं भोक पाहिलं, वर जाऊन बाथरूम पाहिलं, टब ठोकून पाहिला. मग वही काढली.

"म्हणजे आपण टबाच्या बाहेर आंघोळ करत होता."

"हो."

"टब जवळच होता?"

"शेजारी."

"पाणी चुकून सांडलं, असं लिहू का?" हेन्शॉ भला माणूस होता. त्यानं दार उघडून दिलं होतं, चंद्रशेखरनं नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. पण सहा बादल्या मुद्देसूद ओतणाऱ्या माणसाला 'चुकून' हा शब्द झोंबला. "मुळीच नाही," तो म्हणाला, "ते अत्यंत पद्धतशीरपणे ओतलेलं होतं." हेन्शॉनं ते शब्दशः लिहून घेतलं, वही बंद केली, आणि चहा नाकारला. क्लेम आठवड्यात फेटाळला गेला.

पुढे पाहा. सत्तर सालातल्या त्या खरबरीत प्लास्टरमध्ये फुप्फुसाला घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून नमुना तपासणीला गेला. अहवाल येईपर्यंत डायनिंग रूमला प्लॅस्टिक लावून सील केलं. अहवाल आला, थोडंसं आहे. मग ते काढायला परवानाधारक माणसं लागणार. त्यांची तारीख मिळाली ती नेमकी ईस्टरच्या दोन आठवड्यांतली. ती सोडली तर थेट जुलै. आणि घरमालक, म्हणजे ज्याच्या नावावर घर आहे तो, कामाच्या वेळी घरी हजर पाहिजे. घर एकट्या चंद्रशेखरच्या नावावर होतं. ते शिल्पाच्याही नावावर करू या, असं ती आठ वर्षं म्हणत होती.

"मग ट्रिप कॅन्सल," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर शशी, माइक आणि कोचमधली सीट आली.

"तुझी कॅन्सल," शिल्पा म्हणाली. "तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत. मुलांनी तीन महिने तालीम केलीय. मी त्यांना घेऊन जाते."

तेवढ्यात हिराकावाबाईंचा शेवटचा प्रश्न आला. सात वर्षांचा मुलगा पुरुषांच्या न्हाणीघरात जातो. त्याच्यासोबत कोण असेल? आंघोळीची पद्धत ठाऊक असलेला कोणी असल्यास मनापासून आभारी राहू. शिल्पानं नवऱ्याला न विचारता अण्णांचं तिकीट काढलं आणि उत्तर पाठवलं, 'मुलाचे आजोबा. सत्तर वर्षांचा अनुभव.'

मुलांचे आणि शिल्पाचे पासपोर्ट ब्रिटिश, अण्णांचा भारतीय, त्यामुळे त्यांना व्हिसा काढावा लागला. जपानी वकिलातीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, प्रवासाचा हेतू? अण्णा पोस्टातले, सरकारी प्रश्नाला खोटं उत्तर देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते आपल्या मिरजेच्या इंग्रजीत म्हणाले, "टु गिव्ह बाथ टु माय ग्रँडसन." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, किंचित मान लवून शिक्का मारला. चंद्रशेखरला तोवर आयुष्यात एकही खिडकी इतक्या लवकर पावली नव्हती.

हीथ्रोवर त्यानं अण्णांना चेकलिस्ट द्यायचा प्रयत्न केला. अण्णांनी ती घेतली, नीट चार घड्या घातल्या आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिली. अनुयानं त्यांचा हात धरला होता. चंद्रशेखरला टाटा करायचं ती विसरली, शिल्पानं आठवण करून दिल्यावर केला.

मग दहा दिवस चंद्रशेखर घरात. सकाळी पांढरे सूट आणि मास्क घातलेली दोन माणसं येत, त्याची सही घेत आणि त्याला त्याच्याच डायनिंग रूममधून बाहेर काढत. शशीनं फोन करून चौकशी केली, "फुकुओकाचं हवामान काय म्हणतंय?" चंद्रशेखरनं फोन ठेवून दिला. किचनच्या ओट्यापाशी उभ्यानं टोस्ट खाताना त्याला सगळ्यांचा राग येत होता. शशीचा, हेन्शॉचा, हिराकावाबाईंचा, शिल्पाचा, आणि अण्णांचा तर फारच, कारण त्यांनी एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला. तिकडे संध्याकाळ. नील होता.

"डॅडी, इथे सगळं क्लीन आहे. ट्रेनमध्ये कोणी शाउट नाही करत. मी पण नाही केलं."

"शाबास. आंघोळ कशी करता? बाहेर धुताय ना आधी?"

"हो, आजोबा दाखवतात. अजून एक अंकल होते, त्यांच्या बेबीला कसं करायचं कळत नव्हतं, तर आजोबांनी त्याला पण दाखवलं. मग त्या अंकलनी आजोबांची पाठ घासली."

"पाठ?"

"हो. आणि मिसेस हिराकावा रोज आजोबांना बो करते. खूप खाली. आणि आजोबा फ्लोअरवर झोपतात, मांडी घालून जेवतात, सगळं." पलीकडे कागदी दार सरकल्याचा आवाज आला. मग नील आवाज खाली करून म्हणाला, "डॅडी, आजोबा इथेच राहू शकतात का? इथे त्यांना कोणी ओरडत नाही."

चंद्रशेखरला लाज वाटली. कानांच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. डायनिंग रूममधून पांढऱ्या सूटमधला माणूस खुणेनं सही मागत होता. चंद्रशेखरनं त्याच्याकडे पाठ केली आणि नीलला म्हटलं, "आईला दे फोन."